बोंड्याचे केस

माझ्या विहीणबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांकडे पाहिलं नाही, भुवयांकडे पाहिलं. बेळगावला आमच्या घरी त्या माझ्या लेकीला, प्रांजलीला, बघायला आल्या होत्या. चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "टीचर, तुम्ही कधी थ्रेडिंग केलेलं नाही काय?"

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "नाही," म्हटलं.

"सरी, ठीक. लग्नात मी बघते."

आणि खरंच, लग्नाच्या दिवशी पहाटे कार्यालयाच्या खोलीत मला खुर्चीवर बसवून, दोरा दातात धरून त्यांनी माझ्या भुवया कोरल्या. माझे डोळे घळाघळा वाहत होते. येणारी प्रत्येक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवून जात होती, लेक चालली म्हणून आई रडतेय असं समजून.

या कावेरीअक्का. त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण झोप येत नाही आणि आत झोपलेल्या मुलीकडे सारखं जाऊन बघणं बरं नव्हे. ती म्हणते, "आई, तू दारात उभी राहिलीस की मला जाग येते."

अक्कांचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत निम्मं कन्नड. मी बेळगावची, म्हणून अडत नाही. पुण्याकडची विहीण असती तर दुभाषी लागला असता. राजाजीनगरात एका मेडिकलच्या दुकानावर त्यांचं पार्लर आहे. बोर्डावर लिहिलंय, 'हर्षिता लेडीज ब्युटी पार्लर'. ही हर्षिता कोण, म्हणून मी विचारलं होतं.

"कुणाला ठाऊक. बोर्ड आधीच्या बाईचा. चांगला होता, ठेवला."

नवरा गेला तेव्हा रविकिरण, म्हणजे माझा जावई, दुसरीत होता. तेव्हापासून त्या पार्लरच्या खुर्च्यांवरच घर चाललं. अक्का स्वतः कशा, तर केस काळेभोर, कलप कधी उतरलेला दिसायचा नाही, भुवया कोरीव, आणि दूध आणायला खाली उतरायचं तरी चेहऱ्यावर पावडरचा हात फिरल्याशिवाय नाही. "गिऱ्हाईक बोर्ड वाचत नाही टीचर, माझं तोंड वाचतंय," असं त्यांचं म्हणणं.

लग्नानंतर वर्षभरानं प्रांजली आणि रविकिरणनं मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये एक शिट्झू कुत्रा आणला. पांढरा-तपकिरी, गोल. रविकिरणनं नाव ठेवलं बोंडा. अक्का पहिले काही महिने त्याला शिवल्या नाहीत. "कुत्रं घरात? आणि ते पण पलंगावर?" मग एकदा त्याच्या डोळ्यांवर आलेले केस बघून त्यांना राहवलं नाही. पर्समधली छोटी कात्री काढली आणि मांडीवर घेतलं. त्या दिवसापासून बोंड्याचं रूप अक्कांचं झालं.

रविवारी दुपारी पार्लरला गिऱ्हाईक नसताना बोंड्याला खुर्चीवर उभं करायचं. तोंड इडलीसारखं गोल कापायचं, पायांचे गोंडे करायचे, डोळ्यांखालचे तांबूस डाग कोमट पाण्याच्या कापसानं पुसायचे, आणि शेवटी ब्लोअर. डोक्यावरच्या शेंडीला लावायला क्लिपा चिकपेटच्या बाजारातून डझनावारी आणलेल्या. नवरीच्या अंबाड्याला लागतात त्याच. गिऱ्हाइकांना हे कळू द्यायचं नाही, म्हणून कंगवे वेगळे, टॉवेल वेगळा, आणि नंतर फिनेलनं फरशी.

मारतहळ्ळीच्या सोसायटीत संध्याकाळी लहान कुत्र्यांचा बाजार भरतो. तिथे आधी कुत्र्याची ओळख होते, मग माणसाची. कुणाचा पॉमेरेनियन सिंहासारखा भादरलेला, कुणाच्या कुत्र्याला बो-टाय. केस जरा वाढलेले दिसले की लगेच, "बरं नाहीये का त्याला?" आपण शेंबड्या मुलाच्या आईला विचारतो तसं. तिथली श्वेता, मूळची पुण्याची, तिनं एकदा अक्कांना लिफ्टमध्ये अडवलं होतं. "काकू, तुमचा ग्रूमर कोण आहे? कसला क्यूट फेस काढलाय!" अक्कांनी मान ताठ करून सांगितलं, "मीच." त्यानंतर सोसायटीत शिरताना त्या पदर जरा जास्तच सारखा करायच्या, असं प्रांजली म्हणते.

मग प्रांजलीला दिवस राहिले आणि गेले. पुन्हा राहिले आणि पुन्हा गेले. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. दोन्ही वेळा मी बेळगावहून रात्रीच्या गाडीनं आले आणि दोन्ही वेळा तिनं मला, "तू कशाला एवढ्या लांब आलीस," असं विचारलं.

अक्कांच्या घरात एक रीत आहे. बायको गरोदर असली की नवऱ्यानं केस कापायचे नाहीत, दाढी करायची नाही. आमच्याकडेही जुनी माणसं पाळत असत. माझ्या वेळी कुणी आठवण काढली नाही. अक्कांनी मात्र रविकिरणला पहिल्यापासून सांगितलं होतं. त्यानं पहिल्या वेळी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या वेळी, आईसाठी म्हणून, दाढी वाढवली. मग अमेरिकेचे लोक ऑफिसात यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी ती काढली. त्याच आठवड्यात प्रांजलीला दवाखान्यात न्यावं लागलं.

डॉक्टरांनी दोन्ही वेळचं कारण नीट समजावून सांगितलं होतं. दाढीचा त्यात काही संबंध नव्हता. मला ते कारण कळतं, मी ते मुलांना फळ्यावर काढून दाखवू शकेन.

या तिसऱ्या वेळी रविकिरणनं आधीच सांगून टाकलं, "अम्मा, या वेळी हा विषय काढायचा नाही. प्रांजलीच्या डोक्याला ताप नको." आणि तो रोज गुळगुळीत दाढी करून ऑफिसला जाऊ लागला. डॉक्टरांनी प्रांजलीला पडून राहायला सांगितलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "बोंड्याला मी नेते. पोटावर उडी मारतंय ते." ऑटोत घालून त्याला राजाजीनगरला नेलं.

आणि त्याचे केस कापणं बंद केलं.

हे कुणाला समजलं नाही बरेच दिवस. मी मारतहळ्ळीला येऊन राहिले, प्रांजलीला पाचवा महिना लागला होता, आणि भाजी घेऊन राजाजीनगरला गेले, तर दारात एक पायपुसणं उभं. डोळे दिसेनात. मी वाकून "बोंड्या?" म्हटलं तेव्हा त्या पायपुसण्याचं एक टोक हललं, म्हणून कळलं शेपूट कुठल्या बाजूला आहे.

"अक्का, याला काय झालं?"

"काय व्हायचंय? वाढवलेत."

"का पण?"

त्यांनी आधी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "रवीच्या घरातला आहे, बाप्या आहे. रवी ऐकत नाही. हा ऐकतोय."

मी हसले. त्याही हसल्या. "हसा की टीचर. माझ्या घरात सांगितलेलं ऐकणारा एकच पुरुष, त्याला पण चार पाय." पण हसता हसता त्यांनी बोंड्याला उचलून असं जवळ घेतलं की माझं हसू अर्ध्यावर राहिलं.

मी परत आले आणि प्रांजलीला सांगितलं नाही. रविकिरणला सांगावं का, यात माझा आठवडा गेला. एक मन म्हणे, कुत्र्याचे केस वाढले तर वाढले, कुणाचं काय जातंय. लगेच दुसरं मन म्हणे, उन्हाळा येतोय. आणि या दोन्हींच्या खाली एक तिसरं होतं, ते बोलत नव्हतं, नुसतं पोरीच्या पोटाकडे बघत होतं.

बातमी शेवटी श्वेतानं फोडली. अक्का बोंड्याला घेऊन मारतहळ्ळीला आल्या होत्या, प्रांजलीला तो बघायचा होता म्हणून. लिफ्टमध्ये श्वेता भेटली. "काकू, हा तोच का? ओ माय गॉड! अहो, एवढा मॅटेड झालाय, नुसता गुंता, हे नेग्लेक्ट आहे!" संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर बोंड्याचा फोटो आणि खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. कुणी लिहिलं, बी-वन-झीरो-फोरवाल्यांना बाळ येणार म्हणून कुत्रा टाकून दिला. प्रांजलीनं ते वाचलं. तिचं बीपी वाढलं.

"आई, त्याला कापून आण ना," ती मला म्हणाली. "मला इथे पडल्या पडल्या दोघांची काळजी लागलीय. एकाची तरी कमी कर."

म्हणून मी अक्कांना घेऊन व्हेटकडे गेले. कशीबशी तयार झाल्या, 'नुसतं दाखवायचं' या अटीवर. बोंडा तोपर्यंत कानामागे खाजवून खाजवून किंचाळायला लागला होता आणि त्याला एक वास येत होता, पावसात भिजलेल्या घोंगडीसारखा. डॉक्टर जयतीर्थ तरुण आहेत, मृदू बोलतात. त्यांनी बगलेतले केस बोटांनी विलग करायचा प्रयत्न केला. होईनात. कानाखालची एक गाठ त्यांनी उचलली तेव्हा खाली कातडी ओली, लाल, आणि मध्ये जखम.

"अम्मा, सगळे काढावे लागतील. मुळापासून. आतमध्ये अजून किती असेल सांगता येत नाही."

"मलम द्या," अक्का म्हणाल्या.

"मलम कातडीपर्यंत पोचणार कसं?"

"द्या की. पोचवते मी."

आणि मी पर्स उघडेपर्यंत बोंड्याला काखेत मारून त्या बाहेर. ऑटोत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. राजाजीनगर येईपर्यंत त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. हात केसांत शिरत नव्हता, वरून घसरत होता.

त्यांच्या सकाळच्या कामवालीनं बोंड्याच्या त्या गाठी बघून हात जोडले होते, हे मला त्याच ऑटोत कळलं. "जट आलीय म्हणाली. यल्लम्माची. कापू नका म्हणाली," अक्का बाहेर रस्त्याकडे बघत बोलल्या. मी सौंदत्तीच्या वाटेवरच्या खेड्यांत कॉलेजच्या मुली घेऊन हिंडले आहे, बायकांच्या डोक्यातल्या जटा कापायला. ओसरीवर बसून समजावलं आहे की ही देवी नव्हे, तेल-पाणी न लागल्यानं केसांचा झालेला गुंता आहे. काही होत नाही, माझ्या जबाबदारीवर कापा. माझ्या जबाबदारीवर, असं मी म्हणत असे. त्या बायका माझ्याकडे ज्या नजरेनं बघायच्या ती नजर तेव्हा मला कळत नव्हती.

त्या रात्री मी रविकिरणला सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला न जाता राजाजीनगरला आला, हातात केस कापायचं मशीन घेऊन. मला प्रांजलीनं मुद्दाम सोबत पाठवलं होतं. पार्लर बंद होतं, अक्का आत खुर्चीवर, मांडीवर बोंडा.

"अम्मा, दे त्याला."

"हात लावून बघ."

"जखम झालीय त्याला. किडे पडतील."

"आणि तिकडे पोरीला काही झालं तर? तेव्हा तू मला काय सांगणार? मेडिकल रीझन?"

रविकिरण मशीन हातात धरून उभा होता. एरवी कधी आवाज न चढवणारा मुलगा. तो म्हणाला, "मागच्या वेळी मी दाढी केली म्हणून गेलं, हेच म्हणायचंय ना तुला? मग म्हण की एकदा. दोन वर्षं म्हणत नाहीस. नुसती माझ्या गालाकडे बघतेस."

"मी म्हटलं का असं?"

"नाही. कुत्र्याकडून म्हणवून घेतेस."

अक्कांचा चेहरा पांढरा पडला. पावडरच्या आतून पडलेला दिसला. त्या माझ्याकडे वळल्या. "टीचर, तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेल्या. कापू?"

कापा, हा एकच शब्द होता. माझ्या तोंडात तयार होता. पण बाहेर आलं ते असं, "कापायला तर हवंच आहे अक्का... म्हणजे तारखेपर्यंत थांबणं जमतच नसेल तर..." रविकिरणनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली फरशीकडे बघू लागले.

बोंड्यानं तेवढ्यात मागचा पाय उचलून कान खाजवला आणि ओरडला. लहान पोर झोपेत ओरडतं तसं. अक्कांनी त्याचा पाय धरला.

मग म्हणाल्या, "रवी, तुझ्या शाळेत 'फादर'च्या पुढे सही कोण करत होतं?"

"तू."

"बाप घरात नाही म्हणून घरमालक रात्री दार वाजवायचा, तेव्हा काठी घेऊन कोण उठायचं?"

त्यानं मशीन दुसऱ्या हातात घेतलं.

"तुझ्या लग्नात वरबाप म्हणून कोण बसलं? मामाला बसवा म्हणत होते सगळे. मी बसले. मग या घरात पुरुष कोण रे इतकी वर्षं? हे कुत्रं? का तू?" त्यांनी बोंड्याला उचलून माझ्या हातात दिलं, आणि रविकिरणच्या हातातलं मशीन काढून घेतलं. "माझ्या डोक्यातच आलं नाही बघ. मी उगाच याच्यावर घातलं. पाप."

"अम्मा, म्हणजे काय?"

"म्हणजे काय नाही. टीचर, मान धरा त्याची. घट्ट नको."

मशीन आधी चालेना. अक्कांनी कात्रीनं गाठींना चिरा दिल्या, मग मशीन कातडीलगत घातलं आणि इंचाइंचानं पुढे नेलं. केस सुटे पडले नाहीत. एक अख्खी झूल निघावी तसे निघाले, आतून ओले. बोंडा थरथरत होता आणि अक्का त्याच्याशी कन्नडात पुटपुटत होत्या, नवऱ्या मुलीशी बोलतात तसं, झालं राजा, स्वल्प राहिलं, मान इकडे. सगळं निघालं तेव्हा माझ्या हातात एक गुलाबी, हडकुळा प्राणी होता, मोठ्या डोळ्यांचा. जखमा तीन-चार ठिकाणी. रविकिरणनं त्या धुतल्या, मलम लावलं. लावताना त्याचा हात आईच्या हाताला लागला तेव्हा दोघांनीही तो लगेच काढून घेतला नाही.

त्या दिवसानंतर अक्कांनी कलप लावला नाही.

मला हे समजायला वेळ लागला. आधी भांगात एक पांढरी रेघ आली. मग ती रुंद होत गेली. भुवया पसरल्या, मध्ये जुळायला लागल्या. ओठांवर लव. आणि हे सगळं घेऊन ती बाई रोज पार्लर उघडून दुसऱ्यांच्या भुवया कोरत होती. काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. जी राहिली ती आरशातून चोरून त्यांच्याकडे बघत.

सीमंत, म्हणजे डोहाळजेवण, घरातल्या घरातच केलं. प्रांजलीला खुर्चीवर बसवून ओटी भरली, हिरवा चुडा भरला. अक्कांच्या ओळखीतली एक बाई, जिच्या तिन्ही मुलींना अक्कांनी नवरी म्हणून सजवलं होतं, ती हसत म्हणाली, "काय अक्का, संन्यास घेतला की काय? सुनेला एवढं नटवलंत, स्वतःकडे बघा की जरा."

"बघते की रोज. मला सवय झालीय, भीती बाकीच्यांना वाटतेय," अक्का म्हणाल्या आणि ताटातली फुलं सारखी करू लागल्या. खोलीत हशा पिकला. प्रांजली हसली नाही. तिला रविकिरणनं खरं कारण सांगितलं होतं. तिनं वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला तेव्हा अक्का ओरडल्या, "वाकू नको! डॉक्टर काय म्हणाल्या? कशाला शिकलात गं तुम्ही?"

बोंड्याचे केस आता मखमलीएवढे आलेत. खाली नेलं की पोरं विचारतात, ही कुठली जात? श्वेतानं ग्रुपवरचा फोटो काढला आणि वरती आंबे घेऊन आली, पण अक्का समोर आल्यावर ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. अक्कांनी तिला आंबा कापून दिला.

गेल्या आठवड्यात अक्का इथेच राहायला आल्या. पार्लर बंद ठेवलंय. आज सकाळी मी दात घासायला गेले तर बाथरूमचं दार अर्धवट उघडं. अक्का आरशासमोर, हातात चिमटा. हनुवटीवर एक केस आलाय, जाड, काळा, वळलेला. त्यांनी चिमटा तिथपर्यंत नेला आणि थांबल्या. मी आरशात दिसल्यावर दचकल्या नाहीत.

"टीचर," त्या म्हणाल्या, "सीमंताला आलेल्यांनी बघितलं, गिऱ्हाइकांनी बघितलं, ते सगळं चाललं. पण हे एक मला सहन होत नाही. झोपताना हात तिथेच जातोय." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की नळ बंद करावा लागला. "एकच आहे. हा काढला तर काय होतंय?"

काही होत नाही. हे मी फळ्यावर लिहून देऊ शकते. आत प्रांजलीनं कूस बदलली, पलंग करकरला, आणि आम्ही दोघींनी एकदमच मान वळवली. आवाज थांबला. बाळ पोटात लाथ मारतंय का, की तिला दुखतंय, की नुसतीच कूस?

मग मी हात पुढे केला आणि त्यांच्या हातातला चिमटा घेतला.

"राहू दे अक्का," मी म्हटलं. "आता थोडेच दिवस."